आयएलडीच्या तपासण्यांची लांबलचक यादी: कोणती आधी, कोणती नंतर? (चोपडा / जळगाव)

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. वय ५८, चोपडा तालुका, घरची शेती, गोठ्यात दोन म्हशी. आठ महिन्यांपासून कोरडा खोकला आणि चालताना दम. ताप नाही, थुंकीतून रक्त नाही, बिडी-तंबाखू कधीच नाही. एक्स-रेत दोन्ही बाजूंना खाली जाळी दिसली म्हणून थुंकी निगेटिव्ह असूनही टीबीचा कोर्स चालू केला होता, फरक शून्य. आता छातीच्या डॉक्टरांनी 'आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) वाटतोय' म्हणून यादी दिलीय: एचआरसीटी (पातळ स्लाइसचा छातीचा सीटी), पीएफटी (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणं) विथ डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात गॅस किती उतरतो ते), सहा मिनिटं चालण्याची टेस्ट, संधिवाताशी जोडलेल्या आजारांसाठी रक्ताच्या एएनए, ईएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, मायोसायटिस पॅनल, मग टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि पुढे लागली तर ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत नळी घालून तपासणी).

विचारायचं एवढंच: क्रम काय ठेवावा? जळगाव-धुळ्यात काय उरकेल आणि कशासाठी बाहेर जावं लागेल? प्रत्येक तपासणीला जाताना काय सांभाळायचं? पैसे एकदाच खर्च व्हावेत, पुन्हा पुन्हा करायला लागू नये.

छाती_ओपीडी

आयएलडी हे एका आजाराचं नाव नाही. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती सुजतात, जाड होतात, पुढे व्रण पडून फुफ्फुस आखडतं, अशा दोनशेच्या आसपास आजारांना मिळून हे नाव आहे. एकट्या तपासणीवर निदान होत नाही, म्हणून यादी लांब. शेवटी छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, संधिवाताचे डॉक्टर आणि बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजिस्ट, असे सगळे एकत्र बसून निदान ठरवतात. त्या बैठकीपुढे ठेवायला चांगला माल जमवणं, एवढाच या सगळ्या धावपळीचा हेतू.

क्रम असा ठेवा. पहिली तपासणी फुकटची आहे आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते: संपर्काचा इतिहास. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी नोंदवहीत १०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस निघाला. म्हणजे श्वासावाटे गेलेल्या कशाची तरी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. त्यात एअर कूलर हा ठळक संशयित होता. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलरशिवाय घर चालत नाही, त्यामुळे खान्देशातल्या रुग्णाला हा प्रश्न न विचारता पुढे जाणं बरोबर नाही.

एका कागदावर लिहून न्या. कूलर किती वर्षांचा, गवताचे पॅड की हनीकोंब, पाणी कधी बदलतात, आई त्याच्या समोर झोपतात का. घराच्या माळ्यावर, विहिरीत, शेडमध्ये पारवे-कबुतरं बसतात का. गोठ्यात कुबट, बुरशी आलेला कडबा किंवा कुट्टी कोण झाडतं. मळणी, डाळ मिल, जिनिंग, चूल. भिंतीला ओल आहे का. उशी-गादी पिसांची नाही ना. आणि औषधं: लघवीच्या जंतुसंसर्गासाठी महिनोन्महिने नायट्रोफ्युरँटॉइन, हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट, ही तिन्ही फुफ्फुसावर उतरू शकतात. जुन्या चिठ्ठ्यांवरची नावं पाहून लिहा, आठवणीवर विसंबू नका.

दुसरं, जुने फोटो. २०२०-२१ मध्ये कोविडच्या धास्तीनं आपल्याकडे घराघरात सीटी झाले. तेव्हा आईंचा झाला असेल तर ती सीडी शोधाच. तेव्हा जाळी नव्हती आणि आता आहे, किंवा तेव्हाही एवढीच होती, या दोन गोष्टींतून निघणारी वाट पूर्ण वेगळी.

मग थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी), एचआरसीटी, पीएफटी आणि रक्त-इको. ब्रॉन्कोस्कोपी हे सगळं हातात आल्यावर. पहिल्या दिवशीच नळी घालायला कोणी सांगत असेल तर कारण विचारा.

सीबीनॅट सरकारी यंत्रणेत मोफत होते. सकाळी उठल्याउठल्याची, खोकून खोलातून काढलेली थुंकी हवी, २ ते ५ मिली. नुसती लाळ दिली तर निगेटिव्हला अर्थ नाही. खोकला कोरडा असेल तर ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी काढता येते, तशी सोय आहे का ते विचारा. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागू शकतात, म्हणून छुपी टीबी पाहायला मँटू (हातावरच्या सुईची टेस्ट) किंवा इग्रा (रक्ताची टेस्ट) हीही याच टप्प्यात. मँटू ४८ ते ७२ तासांत वाचायची असते, चौथ्या दिवशी हात दाखवून उपयोग नाही.

एक_एमएम_स्लाइस

सीटीचं मी सांगतो, कारण दोनदा पैसे जातात ते बहुतेक इथेच.

चिठ्ठीवर नुसतं 'सीटी थोरॅक्स' असेल तर सेंटरवाले रंगाचं इंजेक्शन देऊन ५ मिमीच्या जाड स्लाइस काढून मोकळे होतात. आयएलडीला तो फोटो निरुपयोगी. डॉक्टरांकडून लिहून घ्या: एचआरसीटी, कॉन्ट्रास्ट नाही, स्लाइस १.५ मिमी किंवा त्याहून पातळ, तीन भाग. एक उताणं झोपून श्वास भरून, दुसरा श्वास पूर्ण सोडून, तिसरा पालथं झोपून.

पालथं का? उताणं झोपल्यावर पाठीकडचा खालचा भाग वजनानं दबतो आणि तिथे जी पुसट सावली येते ती सुरुवातीच्या फायब्रोसिससारखीच (व्रणासारखीच) दिसते. पालथं केल्यावर गेली तर तो नुसता दबलेला भाग होता, राहिली तर आजार. श्वास सोडून का? लहान श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर हवा अडकते, तो भाग फोटोत काळाच राहतो. हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसची ती महत्त्वाची खूण. उच्छ्वासाचा फोटोच नसेल तर ती खूण शोधायची कुठे?

आईंना घरीच सराव द्या: पूर्ण श्वास घेऊन दहा सेकंद हललं नाही पाहिजे, मग पूर्ण सोडून दहा सेकंद. मशीनमधला आवाज हिंदी-इंग्रजीत 'साँस रोकिए' म्हणतो, माणूस गोंधळून अर्धाच श्वास घेतो. अर्ध्या श्वासात किंवा हललेल्या फोटोत सगळं फुफ्फुस धुरकट दिसतं आणि रिपोर्टात 'ग्राउंड ग्लास' उमटतं. खोकल्याची उबळ येत असेल तर टेबलावर जायच्या आधीच सांगा, थांबतात.

घ्यायचं काय? सीडी किंवा पेनड्राइव्ह, डायकॉम (मूळ डिजिटल फोटोंच्या) फाइलसकट. मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर फिल्मवरचे तिकिटाएवढे फोटो कोणी पाहत नाही. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो तर नकोच. सीडी हातात आली की तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा, कधी कधी रिकामी निघते.

रिपोर्टात 'ओल्ड कॉक्स' (जुनी टीबी) किंवा 'पोस्ट कोविड फायब्रोसिस' लिहिलं असेल तर घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. वाचायचे शब्द वेगळे. जाळी कुठे आहे: तळाशी आणि कडेला, की मध्ये-वर? हनीकोंबिंग (मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं) आहे का? ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस (व्रणानं ओढून रुंद झालेल्या नलिका) आहे का? एअर ट्रॅपिंग (अडकलेली हवा), मोझेक (गडद-फिकी ठिगळं) लिहिलंय का? तळाशी-कडेला हनीकोंबिंग आणि ओढलेल्या नलिका, यांना यूआयपी पॅटर्न म्हणतात. बाकी चित्र जुळत असेल तर या पॅटर्नला बायोप्सी लागतच नाही.

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही होईल. मशीन १६ स्लाइसचं असलं तरी चालतं, प्रोटोकॉल महत्त्वाचा.

फुंकर

पीएफटी म्हणजे आमचं खातं. स्पायरोमेट्री तालुक्याच्या गावीही मिळेल. डीएलसीओचं मशीन मोजक्याच ठिकाणी असतं, त्यामुळे आधी फोन करा आणि 'डीएलसीओ आज चालू आहे का, गॅस आहे का' हे स्पष्ट विचारा. त्यात ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेला गॅसचा सिलिंडर लागतो, तो संपला की पुढचा येईपर्यंत मशीन शोभेचं.

जाण्याआधी: इनहेलर चालू असेल तर साधा साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल-साल्मेटेरॉलवाला २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास बंद. डॉक्टरांना विचारूनच, आणि दम वाढला तर सरळ घ्या, फक्त घेतल्याची वेळ सांगा. पोट तुडुंब नको, हलकं खाऊन या. परकराची नाडी आणि ब्लाउज सैल करून बसवा. ही किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, पण घट्ट नाडीनं पोट फुगत नाही आणि आकडा खाली येतो. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या, ओठांना आधार मिळतो, सैल असेल तर काढा. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, गेल्या आठवड्यात हार्ट अटॅक, फुफ्फुसाला छिद्र, थुंकीतून रक्त, यातलं काही असेल तर आधी सांगायचं.

फुंकताना चुकतं ते असं. बायका मेणबत्ती विझवल्यासारखं हळू फुंकतात. पहिल्या क्षणाला सगळा जोर हवा आणि मग आत काही उरलं नाही असं वाटेपर्यंत लावून धरायचं, ग्राफ आडवा होईपर्यंत. मधेच खोकला, ओठाच्या कोपऱ्यातून गळती, नाकाची चिमटी निसटली, हे सगळे प्रयत्न बाद. तीन चांगले प्रयत्न लागतात आणि त्यातल्या वरच्या दोनांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठच्या पुढे प्रयत्न करून घेत नाहीत, माणूस दमतो. रिपोर्टावर एकच ग्राफ आणि एकच प्रयत्न असेल तर तो रिपोर्ट मी तरी धरणार नाही.

डीएलसीओत पूर्ण श्वास सोडायचा, झटकन पूर्ण भरायचा, १० सेकंद धरायचा, मग एकसारखा सोडायचा. दोन प्रयत्नांत किमान ४ मिनिटांचं अंतर. ऑक्सिजन लावलेला असेल तर शक्य असल्यास किमान १० मिनिटं आधी काढावा लागतो. एफव्हीसी (पूर्ण भरून जोरानं फुंकलेली एकूण हवा) लिटर-सव्वा लिटरच्या खाली गेली की ही टेस्ट बहुतेक होतच नाही, म्हणून आजार फार पुढे जायची वाट पाहू नका.

आणि त्या दिवसाचं हिमोग्लोबिन! डीएलसीओ फुफ्फुसातून रक्तात गॅस किती उतरतो ते मोजतं. रक्त कमी असेल तर फुफ्फुस ठीक असूनही आकडा पडतो. सीबीसी त्याच आठवड्यातला न्या आणि 'हिमोग्लोबिन करेक्टेड' आकडा मागून घ्या.

चालण्याची टेस्ट त्याच दिवशी, पण पीएफटीनंतर चांगला आराम करून. ३० मीटरचा सरळ पट्टा हवा, दोन टोकांना खुणा. ओपीडीच्या गर्दीत १० मीटरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या तर निम्मा वेळ वळण्यात जातो आणि अंतर कमी भरतं. पायात रोजची चप्पल, काठी वापरत असतील तर काठी. दम लागला तर भिंतीला टेकून थांबता येतं, घड्याळ मात्र थांबत नाही. नातेवाइकानं बरोबर चालत गप्पा मारायच्या नाहीत. ऑक्सिजन ८० च्या खाली गेला की टेस्ट थांबवतात. रिपोर्टात अंतर, सुरुवातीचा आणि सगळ्यात कमी ऑक्सिजन, आणि दम किती लागला त्याचा बोर्ग आकडा, हे सगळं हवं. 'नॉर्मल' एवढाच शब्द असलेला रिपोर्ट परत करा.

बोटाची नेलपॉलिश काढून या. गडद काळी मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट द्या. बोटं थंडीत पांढरी-निळी पडत असतील तर बोटावरचा ऑक्सिजन खोटा कमी येतो. अशा वेळी कानाच्या पाळीचा किंवा कपाळाचा प्रोब मागा. आणि बोटं रंग बदलतात हे डॉक्टरांनाही सांगा, ते लक्षण स्क्लेरोडर्माकडे (त्वचा कडक करणाऱ्या, संधिवाताच्या गटातल्या आजाराकडे) बोट दाखवतं.

यावल_पट्टा

एवढं सगळं कशाला भो? आमच्याकडे स्टेरॉइडच्या गोळ्या महिनाभर देऊन पाहतात. फरक पडला तर ठीक, नाही तर मुंबई.

छाती_ओपीडी

@यावल_पट्टा, हाच तर घोळ आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस किंवा संधिवाताशी जोडलेल्या आजारात स्टेरॉइड चालतं, पण आयपीएफमध्ये (कारण न सापडणाऱ्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये) नाही. आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे तिन्ही एकत्र देणाऱ्या अमेरिकी चाचणीत मृत्यू आणि भरती जास्त झाल्यामुळे तो गट मधेच थांबवावा लागला, निष्कर्ष २०१२ साली आले. आयपीएफला पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब ही व्रण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं आहेत. शिवाय स्टेरॉइड आधीच सुरू केलं की नळीतून धुऊन काढलेल्या पाण्यातल्या लिम्फोसाइट पेशी कमी होतात, टीबी असेल तर ती भडकते, आणि महिन्याभरानं येणारा पेशंट ना इकडचा ना तिकडचा. आईंना ऑक्सिजन झपाट्यानं कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा भरती करून उपचार आधी.

रक्तपेढीसमोर

रक्ताचं मी सांगते. यादीतल्या अँटिबॉडींना उपाशीपोटी जायची गरज नाही. एएनए सांगताना 'आयएफ पद्धतीनं (सूक्ष्मदर्शकाखाली), टायटर (रक्त किती पातळ केलं तरी सापडतं तो आकडा) आणि पॅटर्नसह' असं म्हणा. एलायझाचा नुसता 'पॉझिटिव्ह १.८' असा रिपोर्ट संधिवाताच्या डॉक्टरांना पुरत नाही. १:८० असा बारीक पॉझिटिव्ह तर निरोगी माणसातही सापडतो. १:३२० किंवा वर असेल, किंवा पॅटर्न न्यूक्लिओलर वा सेंट्रोमियर असेल तर कोणत्याही टायटरला महत्त्व. आरए फॅक्टर प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट असेल तर लक्ष द्यायचं.

मायोसायटिस पॅनल महाग असतो, पण त्यात एमडीए-५, जो-१, पीएल-७, पीएल-१२ आणि आरओ-५२ आहेत का पाहून घ्या. जळगावातून नमुना बहुतेक बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. सोबत सीपीके (स्नायूंना इजा दाखवणारी तपासणी) करा, तो स्वस्त आहे. यकृताच्या तपासण्याही आत्ताच करून ठेवा, पुढे व्रणाची औषधं सुरू झाली तर तुलनेला लागतात. कबुतर आणि ॲस्परजिलसच्या आयजीजी अँटिबॉडी काही ठिकाणी मिळतात. पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं ती गोष्ट पाहिलीय इतकंच, आणि निगेटिव्हनं काहीच सुटत नाही.

कोरडे डोळे, कोरडं तोंड, सकाळी बोटं आखडणं, गिळताना घास अडकणं, बोटांच्या कडांना भेगा, हे आईंना नेमकं विचारा. बायका हे 'वयाचं' म्हणून सांगत नाहीत. डोळे कोरडे असतील तर शर्मर टेस्ट होते: पापणीत कागदाची पट्टी, ५ मिनिटांत ५ मिमी किंवा त्याहून कमी भिजली तर कोरडेपणा पक्का.

सातपुडा_पायथा

खूप आभार. बऱ्याच गोष्टी आल्या हातात. रिपोर्ट असे: एफव्हीसी ५८ टक्के, एफईव्ही१/एफव्हीसी ०.८६, डीएलसीओ ४१ टक्के, हिमोग्लोबिन ९.२. चालण्यात ३१० मीटर, ऑक्सिजन ९६ वरून ८७. एचआरसीटीत 'मधल्या-वरच्या भागात जास्त जाळी, ट्रॅक्शन, तीन घनतेचा मोझेक, हनीकोंबिंग नाही'. एएनए निगेटिव्ह, सीबीनॅट निगेटिव्ह, इको ठीक. घरात गवताच्या पॅडचा जुना कूलर आहे आणि माळ्यावर पारवे. डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी आणि क्रायोबायोप्सी (नळीतून गोठवून फुफ्फुसाचा तुकडा काढणं) म्हणतायत. करावी का? धोका किती?

फुंकर

आधी डीएलसीओ नीट करू. बाईंसाठी हिमोग्लोबिनची दुरुस्ती अशी: १.७ गुणिले हिमोग्लोबिन, भागिले (९.३८ अधिक हिमोग्लोबिन). ९.२ टाकलं की १५.६४ भागिले १८.५८, म्हणजे ०.८४. ४१ ला ०.८४ नं भागा, साधारण ४९ टक्के. बायोप्सी सोसेल का ते ठरवताना ४१ आणि ४९ मध्ये बराच फरक पडतो. फक्त रिपोर्टावर आधीच 'करेक्टेड' लिहिलंय का ते तपासा, नाहीतर दोनदा दुरुस्ती व्हायची.

एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर ०.८६ आणि एफव्हीसी कमी, हे आखडलेल्या फुफ्फुसाचं चित्र. पक्कं करायला एकूण क्षमता, म्हणजे टीएलसी, मोजावी लागते. बॉडी बॉक्स (आत बसून मोजायची बंद पेटी) असलेल्या ठिकाणी होते.

रक्तपेढीसमोर

९.२ का आहे ते पण शोधा. नंदुरबार, धुळे आणि चोपडा-यावलचा सातपुड्याचा पट्टा, इथे सिकलसेल आहे. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). सिकलसेल आजार असेल तर फुफ्फुसाच्या रक्तदाबाचा आणि नळी घालताना ऑक्सिजन पडण्याचा हिशोब बदलतो. भूल देणाऱ्याला ते आधी माहीत हवं. नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), लोहाची कमतरता असायची शक्यता जास्त.

छाती_ओपीडी

चित्र फायब्रोटिक हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसकडे बऱ्यापैकी झुकतंय: वर-मधे जाळी, तीन घनतेचा मोझेक, कूलर आणि पारवे. मी इथून निदान करत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: 'आधी नुसतं बीएएल करून लिम्फोसाइट पाहू का, आणि मग बायोप्सीचं ठरवू का?' बीएएल म्हणजे फुफ्फुसाचा एक कोपरा मिठाच्या पाण्यानं धुऊन ते पाणी परत ओढणं. लिम्फोसाइट ३० टक्क्यांच्या वर आले, संपर्क स्पष्ट आणि सीटी जुळतो, तर बऱ्याच बैठकांत बायोप्सीशिवाय निदान मान्य होतं. चित्र अर्धवट राहिलं तर क्रायो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अनुभवी केंद्रांसाठी क्रायोबायोप्सीला शस्त्रक्रियेच्या बायोप्सीचा पर्याय म्हणून जागा दिलीय. 'अनुभवी' हा शब्द मात्र गाळू नका. किती केल्या, रक्तस्राव थांबवायला फुगा ठेवता का, छातीत नळी टाकायची तयारी आहे का, हे विचारायला लाजू नका.

धोका: दहातल्या साधारण एकाला फुफ्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर येते, काहींना छातीत नळी लागते. रक्तस्राव होतो, बहुतेक वेळा तिथेच आवरतो. डीएलसीओ ३५-४० च्या खाली, एफव्हीसी ५० च्या खाली, किंवा इकोत फुफ्फुसाचा दाब बराच वाढलेला असेल तर बहुतेक जण नको म्हणतात.

बायोप्सी होवो न होवो, कूलर आजच बंद करा. आईंनी स्वतः तो साफ करायचा नाही. टाकीच्या तळाशी जी काळी-हिरवी बुळबुळीत साय बसते आणि पॅडवर क्षाराचा पांढरा थर येतो, ते खरवडताना तोंडावर उडतं तेवढं एरवी महिनाभरातही जात नाही. पारव्यांची विष्ठाही दुसऱ्यानं, ओली करून, एन-९५ लावून काढायची, आणि आई तेव्हा घरात नकोत. विष्ठा काढल्यानंतरही धूळ बरेच दिवस घरात राहते, म्हणून आईंची खोली बदलता आली तर बरं. गोठ्यातला कुबट चाराही दुसऱ्याकडे सोपवा.

स्कोप_सिस्टर

नळीच्या दिवसाचं. घन पदार्थ ६ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. चहा पाण्यात धरू नका, दुधाचा असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका. प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), ईसीजी फाइलच्या वरच ठेवा. कवळी, नथ, गळ्यातलं काढून घरी. सोबत धडधाकट माणूस, कारण गुंगीचं इंजेक्शन देतात.

घशात बधिर करणारं लिग्नोकेन मारतात. नंतर साधारण दोन तास घसा बधिर, त्यात पाणी दिलं तर श्वासनलिकेत जातं. आधी एक घोट देऊन ठसका येत नाही ना पाहायचं. बीएएलनंतर संध्याकाळी ताप येतो, बहुतेकदा पॅरासिटामॉलनं उतरतो. २४ तासांच्या पुढे टिकला, छातीत एका बाजूला कळ आली, दम अचानक वाढला किंवा थुंकीत घोटभर रक्त आलं तर घरी थांबायचं नाही.

बीएएलला १०० ते ३०० मिली सलाईन घालतात, निदान ३० टक्के परत यायला हवं. रिपोर्टात किती घातलं, किती आलं हे लिहिलेलं असावं. पाच-दहा मिलीच परत आलं असेल तर पेशींच्या टक्केवारीवर भरवसा नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बाटल्यांच्या गोंधळानं. आपल्याकडे नमुना नातेवाइकाच्या हातात देऊन 'त्या लॅबला पोचवा' म्हणायची पद्धत आहे. बायोप्सीचा तुकडा पॅथॉलॉजीला फॉर्मलिनमध्ये जातो, नाकाला झोंबणारा वास येतो तो. टीबी आणि बुरशीच्या कल्चरचा तुकडा मात्र साध्या सलाईनमध्ये. फॉर्मलिनमध्ये पडला की जंतू मरतात आणि कल्चर कायम निगेटिव्ह. एकच बाटली हातात आली तर जागेवरच विचारा, 'कल्चरची वेगळी कुठे?' पेशी मोजायचं बीएएल तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचलं पाहिजे. दुसऱ्या गावी पाठवायचं असेल तर आधीच ठरवून थंड पेटीत. बर्फात थेट नाही, गोठलं की पेशी फुटतात. टीबी कल्चर सहा आठवड्यांपर्यंत चालतं, म्हणून आठवड्यानं 'अजून काही नाही' म्हटलं तर तो अंतिम रिपोर्ट समजू नका.

भुसावळ_जंक्शन

प्रवासाचं राहिलं. टीएलसी, क्रायो आणि ती एकत्र बैठक यांसाठी बहुधा मुंबई-पुणे गाठावं लागेल, छत्रपती संभाजीनगर-नाशिकलाही आधी चौकशी करून पाहा. फोनवर 'आयएलडी क्लिनिक कोणत्या वारी असतं' हेच विचारा, नुसत्या छातीच्या ओपीडीत गेलात तर दिवस जातो. फाइल तारखेनुसार लावा, सीडी वर, आणि तो संपर्काचा कागद सगळ्यात वर.

चालताना ८७ होतो म्हणजे प्रवासात ऑक्सिजन लागेल का हे आधी डॉक्टरांना विचारा. लागला तर हिशोब सोपा: बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर. २ लिटरच्या फ्लोवर १५०० भागिले २, म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. त्यातला पाव भाग हिशोबात धरू नका, गाडी उशिरा येते. रेल्वेत न्यायला डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. डब्यातले सॉकेट मोबाईलपुरते, त्यावर कॉन्सन्ट्रेटर लावू नका. मे महिन्यात दुपारची गाडी टाळा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता ५ लाखांचं आहे, पण ओपीडीतल्या तपासण्या त्यात येत नाहीत असं धरूनच चाला. भरती होऊन काही करायचं ठरलं तर दाखल होण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. नंतर गेलं तर बिल मागे फिरत नाही.

सातपुडा_पायथा

कूलर काढला, बीएएल आधी असं डॉक्टरांशी बोलणं झालं. शेवटचा प्रश्न: पुढची पीएफटी कधी?

फुंकर

तीन ते चार महिन्यांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेंटरला. मशीन बदललं की ५-१० टक्क्यांचा फरक मशीनचा की आजाराचा ते कळत नाही. वर्षभरात एफव्हीसी पूर्वीच्या टक्क्यांतून ५ अंक किंवा डीएलसीओ १० अंक खाली आला तर आजार पुढे सरकतोय असं धरतात. ५८ चा ५३ झाला तर लगेच दाखवा, वर्ष संपायची वाट नको. डीएलसीओची तुलना हिमोग्लोबिन सुधारून केलेल्या आकड्याशीच करा, नाहीतर लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढलं की फुफ्फुस सुधारलं असं वाटेल.